शेणाचा बदाम

आमच्या हिवरखेडात बेबीताईला ओळखत नाही असा माणूस सापडणार नाही, आणि सापडलाच तर तो नवीन बदलून आलेला असेल. गावातल्या कितीतरी तरण्या पोरांच्या पोटात तिच्या अंगणवाडीची खिचडी गेलेली आहे. माझी पिठाची चक्की तिच्या अंगणवाडीच्या बरोबर समोर. मध्ये फक्त रस्ता, तोही असा अरुंद की ट्रॅक्टर आला की माझ्या गिऱ्हाइकांना ओट्यावर चढावं लागतं. त्यामुळे तिकडे काय चाललंय ते मला न विचारता कळतं. तरीही मी विचारतेच.

मी मुळातच फटकळ. चक्कीच्या घरघरीत बोलून बोलून आवाज मोठा झाला आणि स्वभावही त्याच्या मागे गेला, असं माझा नवरा म्हणतो. बेबीताईचं सगळं उलटं. अंगणात लेकरांचा गोंधळ चालू असतो आणि ही आपली शांतपणे तांदूळ निवडत बसलेली. एकदा मी तिला म्हटलं, "बेबीताई, तुह्या जागी मी असती तं एकेकाले कोपऱ्यात उभं केलं असतं."

"म्हणूनच तुह्याकडे ज्वारी हाय अन् माह्याकडे लेकरं," ती म्हणाली आणि तांदूळ पाखडू लागली.

तिची एक रीत होती. सुरुवातीला मला ती आळशीपणाची वाटायची. नवीन लेकरू रडत आलं की ती त्याला उचलून घेत नसे, खेळवत नसे. त्याच्या शेजारी काहीतरी ठेवायची, चिंचोके म्हणा, मातीचा गोळा म्हणा, आणि त्याच्याकडे पाठ करून आपल्या कामाला लागायची. थोड्या वेळानं रडणं थांबायचं आणि चिंचोक्यांचा आवाज यायला लागायचा. कोणत्याही लेकराचा हात धरून तिनं कधी काही गिरवून घेतलं नाही. मी कारण विचारलं तर म्हणाली, "हात धरला का काम आपलं होते वहिनी, लेकराचं नाई."

आचल तिच्याकडे आली तेव्हा तीन वर्षांची असेल. तिची माय माया आमच्या मागच्या गल्लीत राहते, दुसऱ्यांच्या वावरात मजुरीला जाते. नवरा वरूडला संत्र्याच्या ट्रकवर ड्रायव्हर, तो सणावारालाच दिसतो. आचलचे डोळे टपोरे, केस कुरळे, पाहिलं की उचलून घ्यावं अशी पोरगी. पण उचलायची सोय नव्हती. तिच्या हाताला कोणी हात लावला की ती किंचाळायची, आणि ते किंचाळणं माझ्या चक्कीच्या वरताण असायचं. दोन्ही मुठी काखेत दाबून ती दिवसभर दाराशी उभी राहायची. जेवायला चमचा, रस्ता ओलांडायला मायेच्या लुगड्याचं टोक. अकोल्याच्या डॉक्टरनं एक लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं होतं आणि घाई करू नका म्हणाला होता. गल्लीतल्या बायांना मात्र घाई होती. कोणी म्हणे नजर लागली, कोणी म्हणे लाडावली.

माया बोलणारी बाई नाही. पण एकदा दळण होईपर्यंत ओट्यावर बसली होती, तेव्हा आपणहून म्हणाली, "वहिनी, तिचे नखं बी मी ती झोपल्यावर कापतो. जागी असली तं हात देत नाई. पोटची पोरगी हाय, अन् तिनं आपल्या हातानं मले शिवलं, असं कधी झालंच नाई."

मी तिचं पीठ जरा बारीक दळून दिलं.

मागच्या फेब्रुवारीत बेबीताईच्या मोबाइलवर कुठूनतरी फोटो आले. अकोल्याच्या कुठल्यातरी कॉन्व्हेंटमधली लेकरं, लाल कपड्यांत, हातात लाल कागदाचे बदाम. आमच्याकडे पत्त्यांतल्या त्या आकाराला बदामच म्हणतात. खाली लिहिलं होतं, व्हॅलेंटाईन डे. बेबीताई मोबाइल घेऊन रस्ता ओलांडून माझ्याकडे आली.

"हे प्रेमाचे धंदे आता शेंबड्या पोट्ट्यायलेही शिकवून राह्यले काय?" मी म्हटलं.

"त्यात काय वाईट हाय? ज्याच्याशिवाय आपल्याले करमत नाई त्याच्यासाठी आपल्या हातानं काहीतरी बनवाचं. एवढंच तं हाय."

दुसऱ्या दिवशी तिनं लाल कागद आणले. कागदाची घडी घालायची, घडीच्या कडेला अर्धी कैरी काढायची, कापायची आणि उघडायची की बदाम तयार. निम्म्या लेकरांनी घडीचीच बाजू कापली आणि त्यांच्या हातात दोन दोन कैऱ्या आल्या. ती त्यावरही खूश. आचल दारात, मुठी काखेत. तिसऱ्या दिवशी बेबीताईनं माझ्याकडून कणीक नेली. लेकरांनी बदाम केले आणि बरीचशी कणीक कच्चीच खाल्ली. आचलच्या शेजारी ठेवलेल्या गोळ्यावर संध्याकाळपर्यंत पापडी धरली होती. तिनं त्याला बोटही लावलं नव्हतं.

"कागद फाटते, कणीक पोटात जाते," बेबीताई म्हणाली. "आता शेण पाहू. शेण तं कोनी खात नाई."

मी इतकी हसले की डोळ्यांत पीठ गेलं. पण तिचं म्हणणं आमच्या गावाला धरूनच होतं. होळी जवळ आली की आमच्याकडे लेकरं शेणाच्या चाकोल्या करतात. लहान लहान चपटे आकार, चंद्र, सूर्य, कंगवा, जीभ, मनाला येईल ते. मध्ये बोटानं भोक पाडायचं, उन्हात वाळवायच्या, सुतळीत ओवून माळ करायची आणि ती माळ होळीत टाकायची. बेबीताई बौद्ध. तिच्या घरी होळी होत नाही. पण गावातल्या लेकरांचे हात शेणात कसे चालतात हे तिनं आयुष्यभर पाहिलेलं.

शेण आणायला ती वामनरावांच्या गोठ्यात गेली. वामनराव म्हणजे आमच्या गल्लीतलं मोठं माणूस, वांगी आणि झेंडू पिकवणारे, बोलायला करवंदाच्या जाळीसारखे. गल्लीची होळी दरवर्षी त्यांच्याच हातानं पेटते आणि त्यातला एक नियमही इकडचा तिकडे होत नाही. त्यांनी विचारलं, "होळीच्या चाकोल्या करता काय?" व्हॅलेंटाईनचं नाव त्या माणसापुढे काढायची बेबीताईची छाती झाली नाही. "चाकोल्याच समजा," ती म्हणाली. ते टोपलंभर शेण देऊन मोकळे झाले. ही एवढीशी गोष्ट पुढे आम्हाला चांगलीच नडणार होती.

अंगणात पोतं अंथरलं, त्यावर राख भुरभुरली, शेणात कुटार, म्हणजे भुसा, मिसळून बेबीताईनं ते कणकेसारखं मळलं. मग प्रत्येकाला विचारलं, कोणासाठी करतो? एकाला बकरीसाठी करायचा होता. एकीला कुल्फीवाल्यासाठी. एकाला तेल्हाऱ्याच्या एसटीसाठी, कारण तिच्यातून आजी येते. आणि एका नकट्या पोरानं सांगितलं की माझा चक्कीसाठी, कारण ती रोज गाते. मी रस्त्यापलीकडे चाळणी घेऊन उभी होते, ते ऐकून मला उगीचच कामाची घाई असल्यासारखं झालं.

आचलच्या शेजारी, उंबऱ्यावर, बेबीताईनं शेणाचा एक गोळा ठेवला. बाजूला पाण्याची वाटी. आणि पाठ करून बसली.

मी पाहत होते म्हणून सांगते, नाहीतर मलाही कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. आचल बराच वेळ गोळ्याकडे बघत उभी होती. मग खाली बसली. काखेतून एक मूठ बाहेर आली. मुठीतून एक बोट निघालं, गोळ्याला टेकलं आणि परत आत गेलं. मी चक्की बंद केली. गिऱ्हाईक म्हणालं, "काय झालं वो?" मी त्याला गप्प राहायची खूण केली. बोट पुन्हा बाहेर आलं. मग दुसरं. आणि मग त्या पोरीनं अख्खा पंजा त्या गोळ्यावर ठेवला आणि दाबला. बोटं पसरून, हळूहळू, गोळा चपटा होईपर्यंत दाबला. कागद नको, कणीक नको, मायेचा हात नको, आणि शेण चाललं. का चाललं ते डॉक्टरालाही सांगता येणार नाही. इतकी वर्षं मी त्या अंगणात शेकडो लेकरं पाहिली, पण एक लहानसा हात उघडतो आणि आपला श्वास अडकतो, असं कधी झालं नव्हतं.

बेबीताई वळली नाही. तिला कळलं होतं, कारण तिची पाठ एकदम ताठ झाली. पण ती वळली नाही. आचलनं त्या चपट्या गोळ्याच्या वरच्या कडेला बोटानं खाच केली, खालचं टोक चिमटीत ओढलं. मध्यभागी तिचा पंजा उमटलेलाच होता.

"माय," ती म्हणाली. कोणी विचारलं नव्हतं.

चौदा तारीख आली तेव्हा बदाम ओलेच होते. त्यातून आभाळ आलं आणि दोन दिवस ऊन पडलं नाही. म्हणजे आमच्या गावचा व्हॅलेंटाईन वाळल्यावर होणार, असं मी गिऱ्हाइकांना सांगत होते. शेण वाळताना तडकतं, आणि बदाम तर खाचेपासून हमखास तडकतो. बेबीताईनं लेकरांना शिकवलं, "भेग दिसली का बोट पाण्यात बुडवाचं अन् तिच्यावरून फिरवाचं. दाबाचं नाई. नुसतं फिरवाचं." बाकीची लेकरं दुसऱ्या दिवशी विसरली. आचलनं ते काम आपलं मानलं. रोज सकाळी वाटी घेऊन ती अंगणाच्या बुटक्या भिंतीवर मांडलेल्या बदामांपाशी जायची आणि बकरीच्या, कुल्फीवाल्याच्या, एसटीच्या, सगळ्यांच्या भेगांवरून ओलं बोट फिरवायची. दुसऱ्या कशाला अजूनही हात लावत नसे. मुठी पुन्हा काखेत.

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पंजा उमटला त्याच संध्याकाळी मी मायाला सांगितलं होतं. "चेष्टा करून राह्यल्या तुमी," ती म्हणाली. मग अंगणवाडीच्या भिंतीपाशी गेली, तो पंजा उमटलेला बदाम पाहिला आणि हात पुढे केला.

बेबीताई म्हणाली, "घेऊ नको. ती देईन तवा घेजो."

"देईन काय पन?"

"मले मालूम नाई. पन तुह्यासाठी केला, एवढं तिनं सांगतलं."

त्यानंतर माया रोज वावरातून येताना भिंतीपुढे थांबायची. हरभऱ्याची सोंगणी, म्हणजे कापणी, चालू होती. हरभऱ्याच्या झाडाला आंब असते, ती हाताला लागली की कातडी फाटते. मायाचे तळवे भेगांनी भरले होते. ती दुरूनच बदामाकडे बघायची आणि घरी जायची. तिला त्या बदामाचं काही करायचं नव्हतं. पोरीचा हात आपल्या हातापर्यंत येतो की नाही, एवढंच तिला बघायचं होतं.

त्या वर्षी होळी लवकर होती. बदाम खडखडीत वाळले, आणि बेबीताईनं ठरवलं की होळीच्याच दिवशी ते लेकरांच्या हातांनी द्यायचे, कारण त्या दिवशी बाया वावरातून लवकर येतात. आदला दिवस रविवार, अंगणवाडी बंद. सोमवारी सकाळी ती आली तर भिंत रिकामी. राखेचे गोल डाग तेवढे उरले होते.

ती रस्ता ओलांडून माझ्याकडे आली, तेव्हा तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. मी चक्की सोडून गल्लीतल्या पोट्ट्यांवर तोंडसुख घ्यायला निघाले. ते बिचारे म्हणाले, "वामन आजोबानंच सांगतलं. अंगणवाडीत चाकोल्या वाळल्या, माह्याच गोठ्याचं शेण हाय, आना म्हणे." होळीच्या तोंडावर भिंतीवर वाळत असलेलं शेण दुसऱ्या कशासाठी असेल, असं हिवरखेडात कोणाच्या डोक्यात तरी येईल का?

चौकात होळी रचून झाली होती. मधे एरंडाचं झाड, भोवती लाकडं, कपाशीच्या पऱ्हाट्या, गोवऱ्या, आणि या सगळ्यांच्या तळाशी आमचे बदाम. होळीत गेलेलं परत काढायचं नाही, हा गल्लीचा नियम. मी पदर खोचला. "चाल, मी बोलतो त्यायच्याशी," मी म्हटलं. बेबीताईनं मला थांबवलं. "तू भांडशीन. मी इचारतो."

आणि जिच्या घरी होळी होत नाही ती बाई त्या होळीपुढे जाऊन उभी राहिली.

"वामनभाऊ, चाकोल्या नव्हत्या त्या. मी तुमाले अर्धंच सांगतलं होतं. लेकराईनं आपापल्या माणसासाठी केलेले बदाम होते."

"कसचे बदाम?"

तिनं सगळं सांगितलं. व्हॅलेंटाईनपासून पंजापर्यंत. वामनराव खाटेवर बसून ऐकत होते. चौकातली माणसंही गोळा झाली होती.

"होळीत टाकलेलं कोनी काढत नाई," ते म्हणाले.

"मालूम हाय मले. म्हणून तं इचारून राह्यली. नाई म्हणसान तं जातो मी."

तेवढ्यात आचल आली. अंगणवाडीच्या रिकाम्या भिंतीपासून ती आमच्या मागे मागे आली होती. हातात पाण्याची वाटी, कारण तिची भेगा बुजवायची वेळ झाली होती. कोणाकडे न बघता ती होळीच्या भोवती फिरू लागली, लाकडांच्या फटींतून आत बघत, वाटीतलं पाणी सांडू न देता. एक फेरी झाली. दुसरी झाली. वामनराव बघत होते. मला वाटलं आता खेकसतात.

ते उठले. "पूजा झाली काय अजून?" त्यांनी कोणालातरी विचारलं, जसं काही त्यांना माहीतच नव्हतं. "नाई झाली. मंग पूजा होईस्तोर लाकडंच हायेत ते." आणि त्यांनी वरची फांदी स्वतः उचलून बाजूला ठेवली.

मग जे झालं ते मला अजून आठवतं आणि नवल वाटतं. कोणी कोणाला काही सांगितलं नाही. ज्यांनी आदल्या दिवसापासून राबून ती होळी रचली होती तीच माणसं ती उतरवायला लागली. फांदी फांदी, ओंडका ओंडका, खालचं काही मोडू नये म्हणून जपून. एरवी पाणी कोणाच्या वावरात आधी जावं यावरून हातघाईवर येणारी माणसं, गुडघ्यांवर बसून शेणाच्या तुकड्यांत एका पोरीचा पंजा शोधत होती. भर उन्हात. दुपार उलटून गेली.

बहुतेक बदामांचा चुरा झाला होता. चक्कीचा अर्धा मिळाला, तो मी अजून ठेवला आहे. आचलचा अगदी तळाशी सापडला. खाचेपासून टोकापर्यंत तडकून त्याचे दोन तुकडे झाले होते. पंज्याची तीन बोटं एका तुकड्यात, दोन दुसऱ्यात. वामनरावांनी ते तुकडे आचलपुढे ठेवले आणि कोणाच्या नजरेला नजर दिली नाही.

आचल खाली बसली. तिनं दोन्ही तुकडे एकमेकांना लावले. बोट वाटीत बुडवलं आणि मधल्या भेगेवरून फिरवलं. वाळलेलं शेण पाण्यानं सांधत नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तिला नव्हतं. ती पुन्हा बोट बुडवत होती, पुन्हा फिरवत होती.

माया वावरातून आली ती हे सगळं बघत गर्दीच्या मागे उभी होती. ती पुढे आली आणि पोरीसमोर मातीत बसली. "मोडू दे माय," ती म्हणाली. "मोडका बी चालते मले." आणि बदाम घ्यायला तिनं दोन्ही तळवे पुढे केले.

आचलनं बदामाकडे पाहिलं. मग मायेच्या तळव्यांकडे पाहिलं. हरभऱ्याच्या आंबेनं फाटलेले, मातीनं भरलेल्या भेगांचे तळवे. ती बराच वेळ त्यांच्याकडेच पाहत राहिली. मग तिनं तुकडे खाली ठेवले, बोट वाटीत बुडवलं, आणि मायेच्या अंगठ्याखालच्या मोठ्या भेगेवर टेकवलं. टोकापासून टोकापर्यंत फिरवलं. दाबलं नाही. पुन्हा बोट बुडवलं आणि दुसरी भेग घेतली.

माया हलली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात मात्र तिनं दगडासारखे स्थिर धरले होते. पोरीनं एक तळवा पुरा केला, आणि दुसऱ्या तळव्यावर नीट बोट फिरवता यावं म्हणून तो आपल्या डाव्या हातात धरला.

अख्खा चौक उभा होता. वामनरावांनी होळी पुन्हा रचायला कोणाला घाई करू दिली नाही. मी बेबीताईला हे दाखवावं म्हणून वळले, तर ती त्या दोघींकडे पाठ करून खाली बसली होती आणि फुटलेल्या बदामांचे तुकडे टोपल्यात वेचत होती.